इंग्लंडमधलं जुनं बाजाराचं गाव : आईबाबांना घेऊन तीन दिवस कुठे जावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही कॉव्हेंट्रीला राहतो. आईबाबा तासगावहून पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत. लंडन झालं, राजवाडा झाला, नदीकाठचं ते मोठं चाकही झालं. बाबा काही बोलत नव्हते, पण परवा जेवताना म्हणाले, "हे सगळं चित्रात बघितलेलंच आहे. जिथं बाजार भरतो, माणसं पिशवी घेऊन येतात, असं एखादं गाव दाखव की." बाबांची ३४ वर्षं बाजार समितीत गेली, बेदाण्याच्या सौद्यांत. त्यामुळे त्यांना काय बघायचंय ते मला नेमकं कळलं. कुठे न्यावं ते मात्र कळत नाहीये.

आमच्याकडे गाडी नाही, रेल्वेनेच जाऊ. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालतात, जिने नकोत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. मे महिन्याची अखेर, दोन रात्री. सगळे कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांतली खेडी सुचवताहेत, पण तिथे बसमधून उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा असं होईल याची भीती वाटते.

रानमेवा

वाचतेय. आमच्याकडेही सासूबाई येणार आहेत ऑगस्टमध्ये.

कॉट्सवोल्ड्सबद्दल तुमची भीती रास्त आहे. गावं सुंदर आहेत, पण गाडीशिवाय कठीण. आम्ही एका दिवसात चार गावं केली आणि आज मला कुठल्या गावात कुठला पूल होता तेही आठवत नाही.

हिरवी_वाट

ताई, लडलोला जा. श्रॉपशर परगणा, वेल्सच्या सीमेलगत. मी गेली १४ वर्षं तिथून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि वर्षातून तीनचारदा तरी जातोच.

वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार. टेकडीच्या माथ्यावर किल्ला, किल्ल्याच्या दारात चौक, चौकात बाजार, बाजारामागे चर्च. पायथ्याशी टीम नदीचं वळण. नॉर्मन लोकांनी अकराव्या-बाराव्या शतकात किल्ल्याबरोबर आखून वसवलेलं गाव आहे, आणि ती रस्त्यांची आखणी अजून पायाखाली आहे. सरकारी यादीत संरक्षित म्हणून नोंदलेल्या इमारतीच जवळपास ५०० आहेत.

वार बघूनच जा, कारण बाजार रोज नसतो. चौकातला बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचा, शुक्रवारचा अख्खा दिवस गावात घालवा, शनिवारी सकाळी पुन्हा बाजारात चक्कर मारून निघा. एकाच बाजारात दोनदा गेलं की दुसऱ्यांदा विक्रेते ओळखतात, आणि बाबांना नेमकं तेच आवडेल असं वाटतंय.

रेल्वे सोपी आहे. कॉव्हेंट्रीहून बर्मिंगहॅम, तिथून श्रूझबरी, तिथे गाडी बदलून अर्ध्या तासात लडलो. मँचेस्टर ते कार्डिफ जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. स्टेशनपासून चौक पायी दहा-बारा मिनिटं, थोडा चढ आहे. बाबांसाठी टॅक्सी करा.

गुडघ्यांचं नीट ऐका. चौक, किल्ला, चर्च, मधल्या गल्ल्या हे सगळं माथ्यावर आणि बरंचसं सपाट. पण ब्रॉड स्ट्रीट नावाचा देखणा रस्ता थेट नदीकडे उतरतो. उतरताना काही वाटत नाही, येताना जीव निघतो. बाबांना वरच्या टोकाला बटरक्रॉस या जुन्या बाजार-इमारतीपाशी उभं करून खालपर्यंतचा रस्ता दाखवा, तेवढं पुरे. आणि खोली घेताना तळमजल्याचीच मागा. घरं तीनचारशे वर्षांची, जिने अरुंद आणि उभे, आणि संरक्षित इमारतीत लिफ्ट सहजासहजी बसवू देत नाहीत.

बखरीचं_पान

'बाजाराचं गाव' याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पेठ.

इंग्लंडात कुणीही उठून बाजार भरवू शकत नसे. राजा सनद देई, अमुक गावात अमुक वारी बाजार भरेल, आणि मग त्या गावाला जागेचं भाडं आणि कर घेण्याचा हक्क मिळे. आपल्याकडे पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या त्या याच रीतीने. सरकारातून कौल मिळायचा, व्यापाऱ्यांना काही वर्षं करात सूट मिळायची, शेटे-महाजनांकडे व्यवस्था असायची. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार ही पेठांची नावं आपण इतक्या सवयीने घेतो की त्यातले वार ऐकूच येत नाहीत. म्हणून हिरवी_वाट यांनी वार बघून जा म्हटलं ते मला फार पटलं. पेठेचं गाव बिनबाजाराच्या दिवशी बघणं म्हणजे देऊळ बंद असताना कळस बघून परतणं.

रानमेवा

कृष्णाकाठ, खाण्याचं मी सांगते, कारण सासूबाईंसाठी मी याच्यातून गेले आहे.

इथल्या हॉटेलांना १४ पदार्थांबद्दल, ते अन्नात आहेत की नाही, हे विचारल्यावर सांगावंच लागतं असा कायदा आहे. अंडं आणि दूध त्या यादीत येतात. म्हणून "अंडं चालत नाही" असं नुसतं म्हणू नका, "या केकमध्ये अंडं आहे का" असं थेट विचारा, कागद काढून दाखवतात.

चिप्स मात्र विचारूनच घ्या. काही दुकानांत त्या अजून गाईच्या चरबीत तळतात. जुन्या पद्धतीच्या वाफवलेल्या पुडिंगमध्येही चरबी असते. चीज घट्ट करायला पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट वापरत, आता बऱ्याच चीजमध्ये शाकाहारी रेनेट असतं आणि पाकिटावर तसं छापतात. बाजारातल्या सुट्या चीजबद्दल विक्रेत्याला विचारायचं, न रागावता सांगतात. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात हे मला सहा वर्षांनी कळलं, ते आधीच सांगून ठेवते.

हिरवी_वाट

रानमेवा, उत्तम माहिती. एक भर घालतो. लडलो खाण्यासाठी नावाजलेलं गाव आहे. २००० च्या आसपास एवढ्याशा गावात मिशेलिनचा तारा मिळवलेली तीन रेस्टॉरंट्स होती. आता ती नाहीत, पण पाव, चीज, मुरंबे यांची आवड गावात राहिली आहे. फक्त रविवार ते मंगळवार बरीच स्वयंपाकघरं बंद असतात, आणि दुकानं पाचला मिटतात. गुरुवारी संध्याकाळी पोचणार असाल तर रात्रीच्या जेवणाची सोय आधीच करून ठेवा.

तिकिटाचं विसरलो. आईबाबा ६० च्या पुढचे असतील तर स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून त्यांची ज्येष्ठांची रेलकार्डं काढा. बहुतेक तिकिटांवर एकतृतीयांश सूट. इथले रहिवासी असण्याची अट नाही. तुम्हा नवराबायकोला दोघांचं एकत्र रेलकार्ड मिळेल, पण ते कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरच चालतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लडलो ठरलं. तळमजल्याची खोली मिळाली. परत आल्यावर इथेच लिहिते.

कृष्णाकाठ

आलो! लिहायला आठवडा लागला कारण आधी बाबांचं सांगून संपेना.

गुरुवारी पोचलो तेव्हा सात वाजले होते, पण चक्क दुपारचं ऊन. चौक रिकामा. आई म्हणाली, "अगं इथं तर कुणीच नाही." बाबा चौकाच्या कडेला बाकावर बसले आणि दगडी फरशीकडे बघून म्हणाले, "उद्या बघ." पुढे कळलं की या चौकात आधी नगरपालिकेची लाल विटांची मोठी इमारत होती आणि बाजार तिच्यात भरायचा. १९८६ साली ती पाडली. तेव्हापासून बाजार पुन्हा उघड्यावर.

शुक्रवारी बाबा साडेसहालाच तयार. आम्ही दोघं निघालो. पट्ट्यापट्ट्यांच्या छतांचे गाळे उभे राहत होते. पावाचा, रोपांचा, चीजचा, जुन्या तांब्यापितळेचा, एक नुसता मधाचा. बाबांनी मला पहिला प्रश्न घातला तो असा : "इथं पावती कोण फाडतं?" मी भाजीवाल्या आजोबांना विचारलं. त्यांनी कौतुकाने बाबांकडे बघितलं आणि सांगितलं की बाजार गावाच्या कौन्सिलचा, जागेचं भाडं कौन्सिलला जातं, रोजच्या गाळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि नवा माणूस आला तर जागा रिकामी असेल तरच उभा राहतो. मी मधे बसून दुभाषीपणा करत होते. पुढचे प्रश्न माझ्याच्याने भाषांतरित होईनात. अडत किती, तोलाई कोण देतं, हमाल स्वतःचे की बाजाराचे? आजोबा हसून म्हणाले की तेच शेतकरी, तेच हमाल, तेच व्यापारी. त्यांनी गूसबेरी दिली चाखायला. बाबांनी खिशातल्या पुडीतले बेदाणे काढले. (हो, तासगावचेच. ते पुडी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.) आजोबांनी एक दाणा उजेडात धरून बघितला, मग खाल्ला. बाबा मला हळूच म्हणाले, "बघ, उजेडात धरला. याला माल कळतो."

मला वाटतं आमची सहल तिथेच वसूल झाली.

दुपारी सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गेलो. बाहेरून ते नीट दिसतच नाही, दुकानांच्या मागे गल्लीत आहे, आणि आत शिरल्यावर एवढं मोठं निघतं की आई दारातच थांबली. मनोरा १३५ फूट. वर जाता येतं, सुमारे २०० पायऱ्या, आमचे हे एकटेच गेले. आम्ही खाली गायकवृंदाच्या लाकडी आसनांपाशी थांबलो. ही आसनं उचलून वर दुमडता येतात आणि खालच्या बाजूला कोरीव काम असतं. तासन्‌तास उभं राहावं लागणाऱ्या पाद्र्यांना टेकायला ती खालची पट्टी. अशी २८ आसनं आहेत, पंधराव्या शतकातली. जलपरी आहे, हरणं आहेत. आणि एकावर बिअर विकणारी बाई आहे, हातात खोट्या मापाचा पेला, आणि राक्षस तिला उचलून नरकात टाकतोय, बाजूला दुसरा तिच्या पापांची यादी वाचतोय.

मी बाबांना अर्थ सांगितला. ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मापात पाप." एवढंच. नंतर संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं की नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मापाड्याला काट्याखाली चुंबक लावताना त्यांनी पकडलं होतं आणि नाव लिहून दिल्यावर महिनाभर घरी धमक्या येत होत्या. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही! ६०० वर्षांपूर्वी कुठल्यातरी सुताराने कोरलेली ती बाई बघितली नसती तर ते आम्हाला कधी कळलंही नसतं.

बाकीचं रात्री लिहिते.

बखरीचं_पान

अप्रतिम. बाबांना माझा नमस्कार सांगा.

त्या चर्चला एवढी श्रीमंती कुठून आली तेही त्यांना आवडेल. गावात 'पामर्स' म्हणून यात्रेकरूंचा एक संघ होता. जेरुसलेमची यात्रा करून खजुराच्या झाडाची झावळी घेऊन येणारा तो पामर. (आपल्या पामर शब्दाशी काही नातं नाही.) तेराव्या शतकापासून या संघाकडे माणसं वर्गणी भरत, देणग्या देत, घरं लिहून देत. संघ त्या घरांच्या भाड्यातून शाळा चालवी, वृद्धांना निवारा देई, चर्च वाढवी. चर्चमध्ये त्यांची रंगीत काचेची खिडकी आहे. हेन्री आठव्याच्या काळात आणि त्यानंतर इंग्लंडभर असे संघ आणि मठ मोडले गेले, त्यांची मालमत्ता राजाच्या मर्जीतल्या लोकांनी लाटली. लडलोकरांनी मात्र १५५१ मध्ये वाटाघाटी करून संघाची मिळकत गावाच्या नगरमंडळाकडे वळवून घेतली. शाळा आणि वृद्धांची घरं चालू राहिली. मला या गावाचा खरा पराक्रम हाच वाटतो.

कृष्णाकाठ

राहिलेलं लिहिते.

किल्ला चौकाच्या टोकालाच आहे, चढ नाही. तिकीट आहे. आत भलंमोठं गवताळ पटांगण, मग खंदक, मग आतला कोट. छपरं उरलेली नाहीत, भिंती मात्र पुरत्या उभ्या. आत एक गोल देऊळ आहे, बाराव्या शतकातलं, मेरी मॅग्डलिनचं. अशी गोल प्रार्थनामंदिरं इंग्लंडात मोजकीच राहिलीत. आई आत जाऊन मधोमध उभी राहिली आणि तिने हळू आवाजात एक ओवी म्हटली. आवाज भिंतींवरून असा फिरून आला की ती स्वतःच गप्प झाली.

या किल्ल्यात राजपुत्र वाढले. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड १४८३ मध्ये बाप गेल्याची बातमी आल्यावर इथून लंडनला निघाला, तिथे टॉवर नावाच्या किल्ल्यात ठेवला गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर लग्नानंतर पाच महिन्यांतच १५०२ च्या एप्रिलमध्ये इथेच वारला, पंधरा वर्षांचा. त्याची विधवा कॅथरीन पुढे धाकट्या भावाला, म्हणजे आठव्या हेन्रीला दिली. त्या लग्नाच्या मोडण्यावरूनच इंग्लंड रोमपासून तुटलं. आईला या सगळ्यात एकच गोष्ट लागली. "पंधरा वर्षांचं पोर," असं ती दिवसभर मधूनच म्हणत होती.

आणि मग मालकीचा फलक वाचला. किल्ला सरकारी असेल असं मला वाटलं होतं. तो पोविस घराण्याच्या जहागिरीचा आहे. १८११ मध्ये राजसत्तेकडून विकत घेणारा तो लॉर्ड पोविस म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा.

मी बाबांना वाचून दाखवलं. ते किल्ल्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे प्लासीवाला?"

वाघोटन

पहिल्यांदाच लिहितोय या विभागात, राहवलं नाही.

प्लासीच्या आधी तो आमच्याकडे आला होता. मी विजयदुर्गच्या बाजूचा. इंग्रजांच्या कागदांत आमच्या किल्ल्याचं नाव 'घेरिया' असं येतं, ते शेजारच्या गिर्ये गावावरून. फेब्रुवारी १७५६. समुद्रावरून अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरच्या इंग्रज फौजेवर रॉबर्ट क्लाइव्ह. समोर तुळाजी आंग्रे. आणि नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने! बंदरात लागलेली आंग्र्यांची गलबतं एकामागून एक पेटली. किल्ला १३ तारखेला पडला. क्लाइव्हची फौज मुद्दाम आधी जमिनीवर उतरवली होती, पेशव्यांच्या माणसांनी किल्ला परस्पर ताब्यात घेऊ नये म्हणून. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला. पुढे बाणकोट देऊन पेशव्यांनी किल्ला परत घेतला, पण जळालेलं आरमार कुठून परत आणणार?

तिथून वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासकडे आणि पुढे बंगालकडे गेले आणि दीड वर्षाच्या आत, २३ जून १७५७ ला, प्लासी झाली. लहानपणी आजोबा वाघोटनच्या खाडीकडे बोट दाखवून "इथे आपली गलबतं जळली" असं सांगायचे. त्याच माणसाच्या घराण्याच्या किल्ल्यात तुमच्या आईंनी ओवी म्हटली हे वाचून अंगावर काटा आला.

हिरवी_वाट

वाघोटन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

क्लाइव्ह मूळचा श्रॉपशरचाच. जन्म १७२५, मार्केट ड्रेटन गावाजवळचा. श्रूझबरीचा महापौर होता १७६२ मध्ये, तिथला खासदारही होता. तिथल्या मुख्य चौकात त्याचा पुतळा आहे, १८६० चा. पुतळ्यासमोर जुनी बाजार-इमारत आहे, १५९६ ची, वेल्सच्या लोकरी कापडाच्या व्यापाराची. २०२० मध्ये पुतळा हलवावा म्हणून मोठी मागणी झाली होती, पण तो अजून तिथेच आहे.

मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, म्हणजे १७९९ मध्ये टिपूचं श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा. त्याची बायको हेन्‍रिएटा ही पोविसच्या हर्बर्ट घराण्यातली, दोन मुलींना घेऊन १८०० मध्ये ती मद्रासहून म्हैसूरपर्यंत फिरली. जमवलेल्या वस्तू वेल्समध्ये वेल्शपूलजवळच्या पोविस किल्ल्यात आहेत. टिपूचा तंबू आहे, त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं आहे. श्रूझबरीहून वेल्शपूल रेल्वेने वीसपंचवीस मिनिटं. तिथे जायचं तर सवडीने जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या तंबूच्या कापडावरची फुलं बघून बराच वेळ बाहेर पायरीवर बसलो होतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी घरी बोलून मगच न्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ

वाघोटन, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय : पुढच्या वर्षी विजयदुर्ग बघायला येणार.

परतीच्या वाटेवर श्रूझबरीला गाडी बदलताना दोन तास होते, पुतळ्यापर्यंत गेलो होतो. बाबा म्हणाले, आहे तो राहू दे, पण खाली विजयदुर्ग लिहा. मला ते पटलं.

शनिवारचं थोडक्यात. सकाळी सहाला मी आणि आमचे हे नदीकाठी गेलो, डिनम पुलावरून पलीकडे व्हिटक्लिफच्या टेकडीवर. तिथून अख्खं गाव समोर, किल्ला, मनोरा, मागे क्ली टेकड्या. नदीला लागून जी पायवाट आहे तिला 'ब्रेडवॉक' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव देत, म्हणून ते नाव. मला आजीने सांगितलेलं ७२ च्या दुष्काळातलं सुकडीचं वाटप आणि खडी फोडण्याची कामं आठवली.

मग बाजार, दुसऱ्यांदा. भाजीवाले आजोबा शनिवारी नव्हते. बाबा जरा हिरमुसले, पण मधवालीने ओळखलं.

वाटेत क्रेव्हन आर्म्सला उतरून स्टोकसे किल्ला बघितला, हा हिरवी_वाट यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सुचवला होता. लडलोच्याच लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १२८० च्या दशकात बांधायला घेतलेलं घर, तटबंदीची परवानगी १२९१ ची. ७०० वर्षांत फारसं बदललेलं नाही. दिवाणखान्याला धुरांडंच नाही, मधोमध फरशीवर जाळ आणि धूर छपरातून बाहेर. वर जाणारा लाकडी जिना आहे, अखंड झाडं तासून केलेल्या पायऱ्या. आई म्हणाली, आमच्या माहेरच्या वाड्याचं माजघर असंच काळं होतं. हा लॉरेन्स राजाला लोकरीवर जबर कर बसवायला मदत करून आला आणि १२९४ मध्ये लोकरीनेच भरलेल्या जहाजासकट बुडाला. त्या काळच्या एका मठातल्या बखरीत लिहिलंय, लोकरवाल्यांचं पाप केलं म्हणून बुडाला. बाबांनी यावर नुसती मान हलवली.

एक चूक झाली ती सांगते. तळमजल्याची खोली मिळाली, पण न्हाणीघर चार पायऱ्या खाली निघालं. फोनवर दोन्ही विचारा.

अश्मक

व्हिटक्लिफवर गेलात आणि पायाखाली बघितलं नाहीत? मी भूगर्भशास्त्र शिकवायचो, म्हणून विचारतो. तिथला दगड ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे. शंखशिंपले, समुद्री प्राणी नुसत्या डोळ्यांना दिसतात. १८३० च्या दशकात मर्चिसन याने या भागात फिरून सिल्युरियन काळाची मांडणी केली, आणि त्या काळाच्या एका भागाचं जगभर मान्य असलेलं नावच 'लडलो' आहे. चीनमधल्या खडकालाही त्याच नावाने मोजतात. नदीच्या पुलापलीकडे लडफर्डला रस्त्याकडेच्या कातळात एक पातळ थर आहे, आदिम माशांच्या खवल्यांनी आणि हाडांच्या तुकड्यांनी भरलेला. तिथे हातोडी चालवायला मनाई आहे, बघायला कुणी अडवत नाही. किल्ल्याच्या भिंतींतला बराचसा दगड त्याच समुद्राचा.

कृष्णाकाठ

अश्मक सर, हे आधी कळायला हवं होतं! पुढच्या वेळी नक्की.

रानमेवा

मी वाचूनच फिरून आले. आमचं ऑगस्टचं पुढे ढकललं, सासूबाई सप्टेंबरमध्ये येताहेत. लडलोचा खाद्यमहोत्सव सप्टेंबरमध्येच असतो ना? तेव्हाच जावं का?

हिरवी_वाट

महोत्सव किल्ल्याच्या पटांगणातच भरतो, १९९५ पासून. खाण्यासाठी जायचं तर जरूर जा, पण खोल्या कितीतरी आधी भरतात आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंना कृष्णाकाठ यांच्या बाबांसारखं गाव बघायचं असेल तर महोत्सवाच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा घ्या. शुक्रवार धरून.

रानमेवा

नंतरचा आठवडा धरते. न्हाणीघराच्या पायऱ्या विचारून घेईन. आणि भाजीवाले आजोबा शुक्रवारी असतात हे लिहून ठेवलंय, बाबांचा काही निरोप असेल तर सांगा.

कृष्णाकाठ

निरोप नाही, पुडी आहे. पत्ता व्यनि कर, बेदाणे पाठवते. त्यांना सांग, हे या वर्षीचे आहेत.